आठवी आज्ञा आणि सरकारी फाईल

उद्या, उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यातील सोमवारी, मिस्सामध्ये पहिले वाचन दानिएलाच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायातून आहे. सुसान्नाची ती गोष्ट. वाचन लांबलचक असल्यामुळे पुष्कळ ठिकाणी त्याचा संक्षिप्त भागच घेतला जातो, आणि सोमवारी सकाळी मिस्साला येणारे तरी आपण किती? म्हणून ज्यांना जमेल त्यांनी आज दुपारी घरी संपूर्ण अध्याय वाचावा, अशी विनंती करून आम्ही लिहायला बसलो आहोत. (प्रोटेस्टंट शेजाऱ्यांकडून बायबल आणाल तर त्यात हा अध्याय बहुधा सापडणार नाही, हे लक्षात असू द्यावे.)

गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. न्यायाधीश म्हणून नेमलेले दोन वयोवृद्ध पुढारी एका सालस स्त्रीवर व्यभिचाराचा खोटा आळ घेतात. ते पुढारी आहेत, वयाने मोठे आहेत, म्हणून लोक विश्वास ठेवतात आणि तिला मरणाची शिक्षा ठरते. तिला नेत असताना तरुण दानिएल सर्वांना थांबवतो. दोघा साक्षीदारांना वेगवेगळे करून तो प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: तुम्ही तिला कोणत्या झाडाखाली पाहिले? दोघे दोन निरनिराळ्या झाडांची नावे सांगतात आणि खोटे उघडे पडते.

प्रवचनांत आपण नेहमी दानिएलाबद्दल ऐकतो, आणि ते योग्यच आहे. आमचे मन मात्र गेली काही वर्षे सत्ताविसाव्या ओवीपाशी अडखळते. बागेत आरडाओरडा झाला तेव्हा घरचे नोकर धावत आत आले. म्हाताऱ्यांनी सांगितलेली हकीकत ऐकून त्यांना फार लाज वाटली, कारण सुसान्नाबद्दल असे कधीच कोणी बोलले नव्हते. बस्स, एवढेच. पुढे साऱ्या अध्यायात हे नोकर पुन्हा बोलताना दिसत नाहीत. तिला रोज पाहणारी माणसे ती. त्यांना कोणी विचारले नाही, आणि त्यांनीही आपणहून काही सांगितले नाही.

या नोकरांशी आमची ओळख जुनी आहे. वीसहून अधिक वर्षे आम्ही सरकारी अभियोक्त्यांच्या कार्यालयात लिपिक होतो. परदेशांत याच कामाला 'पॅरालीगल' असे भारदस्त नाव आहे. आपल्याकडे 'सरकारी वकिलांचा क्लार्क' म्हटले की काम भागते.

हे सारे लिहिण्याचे कारण म्हणजे आपल्या धर्मग्रामातील एक तरुण. कायद्याची पदवी घेतल्यावर त्याला एका सरकारी वकिलांच्या हाताखाली काम शिकण्याची संधी आली आहे. मिस्सानंतर त्याने आम्हाला गाठून विचारले, "अंकल, खरं सांगा. लोकांना तुरुंगात धाडायच्या कामात ख्रिस्ती माणसाने हातभार लावावा का?" आम्ही फटकन म्हणालो, "मग चोरांना काय हार घालायचे?" तो हसला आणि गेला. प्रश्न मात्र आमच्याकडेच राहिला.

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. पवित्र शास्त्रात आरोप ठेवणारा कोण असतो, ते पाहा. ईयोबाच्या ग्रंथात देवापुढे नीतिमान माणसाविरुद्ध बोलणारा सैतान आहे. जखऱ्याच्या ग्रंथात मुख्य याजकाच्या उजव्या हाताला उभा राहून दोष काढणारा तोच. प्रकटीकरणात त्याला आपल्या बांधवांवर रात्रंदिवस आरोप करणारा असे म्हटले आहे. उलट योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू आपल्याला पवित्र आत्म्याचे अभिवचन देतो तेव्हा आपल्या मराठी बायबलमध्ये त्याच्यासाठी शब्द आहे 'कैवारी', म्हणजे आपली बाजू घेऊन उभा राहणारा. तेव्हा वाटते, आरोपीच्या वकिलाचा पेशा तेवढा पवित्र आत्म्याच्या बाजूचा आणि आम्ही मंडळी पगार घेऊन दुसऱ्या बाजूला!

पण शास्त्र एवढ्यावर थांबत नाही. विधवेची आणि अनाथाची फिर्याद कोणी ऐकत नाही म्हणून संदेष्टे ठिकठिकाणी राज्यकर्त्यांवर कडाडले आहेत. ज्या बाईचे घर फुटले, जिच्या मुलीवर हात टाकला गेला, ती वकील कोठून आणणार? तिच्या वतीने सरकार उभे राहते, म्हणून तर खटल्याचे नाव 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक' असे असते. ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या न्यायमंडळांतही सार्वजनिक हितासाठी बोलणारा न्यायप्रवर्तक असतो. इतकेच काय, संतपदाच्या चौकशीत उमेदवाराविरुद्ध मुद्दे मांडणारा एक अधिकारी शतकानुशतके नेमला जात असे. लोक त्याला गमतीने 'सैतानाचा वकील' म्हणत. १९८३ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी ती पद्धत बदलली. संत ठरवतानादेखील कोणीतरी विरुद्ध बाजू मांडली पाहिजे, म्हणजे सत्य कसाला लागते, असे ख्रिस्तसभेला वाटत होते. म्हणजे आरोप ठेवणे हे काम मुळात सैतानाचे नव्हे. ते कोणत्या रीतीने केले जाते, यावर ते कोणाचे होते हे ठरत असावे.

आणि ही रीत मोठ्या साहेबांच्या भाषणात ठरत नाही. ती फाईल लावताना ठरते, असा आमचा अनुभव आहे.

कामाचे स्वरूप थोडे सांगतो. पोलीस ठाण्यातून दोषारोपपत्र येते. त्यात फिर्याद, पंचनामे, साक्षीदारांचे जबाब, दवाखान्याचे कागद, जप्त मुद्देमालाची यादी. आम्ही ते तारीखवार लावायचे, कोणता साक्षीदार काय सांगणार याचे टिपण साहेबांसाठी काढायचे, समन्स बजावले गेले की नाही याचा पाठपुरावा पोलीस ठाण्याच्या पैरवी हवालदाराकडे करायचा. रोजच्या बोर्डावर एकेका साहेबाकडे इतकी प्रकरणे, की आमच्या टिपणात जे आले नाही ते साहेबांच्या डोळ्यांखालून जाईलच याची खात्री नसे. एवढी सत्ता कारकुनाच्या हाती असते, हे बाहेर कोणाला माहीत नसते. कारकुनालाही ते माहीत नाही असे सोंग घेणे सोयीचे पडते.

दुसरे काम व्हरांड्यातले. साक्षीदार साक्षीला येतो तेव्हा घटनेला तीन-चार वर्षे उलटलेली असतात. त्याचा पोलिसांपुढील जबाब त्याला वाचून दाखवायचा, म्हणजे आठवण ताजी होते. यात गैर काही नाही. पण तो जबाब कसा असतो ते पाहा. पाड्यावरची बाई आपल्या वारली बोलीत सांगते, किंवा आपल्याकडची म्हातारी सामवेदीत सांगते, आणि कागदावर उतरते ते असे: 'समक्ष हजर राहून जबाब देते की, सदर इसम हा...' शेवटी ठरलेले वाक्य, की जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. कायद्याने त्यावर तिची सही घेत नाहीत, आणि ते शहाणपणाचेच आहे. हे वाचून दाखवताना ती बाई भांबावते. "मी असं बोलले?" असे विचारते. तेव्हा आम्ही काय म्हणायचे? "तुम्हाला आठवतं तेच सांगा," असे म्हणणे एक. "असंच लिहिलंय, असंच सांगा," असे म्हणणे दुसरे. दोन वाक्यांत अंतर केवढे! पण व्हरांड्यात गर्दी असते, आतून पुकारा झालेला असतो आणि साक्षीदार फितूर झाला तर साहेब आपल्यालाच बोलणार असतात. आम्ही दोन्ही वाक्ये वापरली आहेत. दुसरे किती वेळा, ते मोजलेले नाही.

आता एक प्रकरण सांगतो. नावगाव सांगत नाही.

२००७ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. घरफोडीचा खटला होता. फिर्यादी शेजारच्या धर्मग्रामातील एक विधवा मावशी. नात्यातल्या मयताच्या घरी रोझरीला गेल्या असताना घर फुटले. सोन्याची साखळी आणि दोन पाटल्या गेल्या. आरोपी चोवीस-पंचवीस वर्षांचा, परजिल्ह्यातून आलेला, टेम्पोवर क्लीनर. जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार मिळाला नाही म्हणून तुरुंगातच. पुरावा म्हणाल तर एकच: त्याने स्वतः दाखवलेल्या जागेवरून, रस्त्याच्या मोरीखालून, एक पाटली मिळाल्याचा पंचनामा. वेळ सकाळी १०.४५ ते ११.५०.

टिपण काढण्यासाठी पैरवी हवालदाराने पोलीस ठाण्याची मूळ फाईलही आणून दिली होती. तिच्या तळाशी सरकारी दवाखान्याची एक चिठ्ठी होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू प्रकरणात अटकेतील माणसाची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करण्याचे बंधन घातले, त्यानुसार केलेल्या तपासणीची ती चिठ्ठी. तारीख पंचनाम्याचीच. वेळ सकाळी ११.१०. दवाखाना त्या मोरीपासून चौदा किलोमीटरवर.

चिठ्ठी दोषारोपपत्रासोबत जोडलेली नव्हती. म्हणजे आरोपीच्या वकिलाकडे ती असण्याचा प्रश्नच नव्हता.

आम्ही ती वाचली, पुन्हा वाचली, आणि जिथे होती तिथे ठेवून दिली. मनात कारणे भराभर उभी राहिली. डॉक्टरांनी वेळ चुकीची टाकली असेल. पंचनाम्यात वेळ मागाहून अंदाजाने लिहिली असेल. पाटली तर मावशींचीच होती, त्यांनी ती ओळखली होती, मग ती पोलिसांना मिळाली कशी? काहीतरी याने केले असणारच. शिवाय चिठ्ठी यादीत नाही, आणि यादीत नाही ते आमचे काम नाही. खोटे आम्ही कोठेच बोललो नव्हतो. टिपणात एक अक्षरही चूक नव्हते.

पहिल्या तारखेला न्यायाधीश रजेवर होते. दुसऱ्या तारखेला पंच आले नाहीत. तिसऱ्या तारखेला पंच आला. आम्ही त्याला व्हरांड्यात नेऊन पंचनामा वाचून दाखवू लागलो. त्याने विचारले, "वेळ किती लिहिलीय? मला काही आठवत नाही." आणि आम्ही म्हणालो, "पावणेअकरा. नीट लक्षात ठेवा."

स्वतःचाच आवाज ऐकून अंगावर काटा येतो, तसे झाले. तोपर्यंत आम्ही केवळ गप्प होतो. आता आम्ही त्या माणसाच्या तोंडात वेळ घालत होतो, आणि ती वेळ खरी नसावी हे त्या साऱ्या इमारतीत आम्हाला एकट्याला ठाऊक होते. यात शौर्य काही नव्हते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. पंच त्या दिवशीही आला नसता तर आम्ही कदाचित आजवर गप्प असतो.

आम्ही आत जाऊन चिठ्ठी साहेबांपुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग विचारले, "हे तुमच्याकडे कधीपासून आहे?" आम्ही म्हणालो, "पहिल्या तारखेच्या आधीपासून." ते पुढे काही बोलले नाहीत. ओरडले असते तर बरे वाटले असते. त्याच दिवशी त्यांनी चिठ्ठीची प्रत आरोपीच्या वकिलाला दिली आणि कागद न्यायालयापुढे ठेवला. डॉक्टरांना बोलावणे गेले. दवाखान्याच्या नोंदवहीतही तीच वेळ निघाली. आरोपी निर्दोष सुटला, आणि सुटकेचा आदेश तुरुंगात पोहोचेपर्यंत आणखी एक रात्र गेली.

आम्ही चिठ्ठी पाहिली त्या दिवसापासून ती साहेबांपुढे ठेवली त्या दिवसापर्यंत किती दिवस गेले, ते आम्ही नंतर कॅलेंडरवर मोजले. एकशे सत्तावीस.

कोणी म्हणेल, एकशे सत्तावीस दिवसांचे काय एवढे? आपल्या देशात कच्च्या कैद्यांची रांगच एवढी मोठी आहे. खरे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या आकडेवारीप्रमाणे देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर बंदी होते आणि त्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. म्हणजे दर चारांतले तीन अजून दोषी ठरलेले नव्हते. पण हा आकडा आम्हाला दिलासा देत नाही. त्यातला एकेक माणूस कोणाच्या तरी टेबलावरील फाईलमध्ये असतो, एवढेच तो आम्हाला सांगतो.

आज कायदा याबाबत अधिक स्पष्ट झाला आहे, हे मान्य केले पाहिजे. आमच्या वेळी फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे आरोपीला दोषारोपपत्राच्या प्रती मोफत मिळत. पण पोलीस ज्या कागदांवर विसंबून नाहीत ते कागद फाईलच्या तळाशीच राहत. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्यांतील त्रुटींविषयी निर्देश देताना अशा कागदांची आणि वस्तूंची यादीही आरोपीला मिळावी असे सांगितले, आणि २०२२ साली मनोज प्रकरणात ते पुन्हा अधोरेखित केले. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्यानुसार आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत त्याला प्रती द्यायच्या आहेत. चांगले झाले. तरी यादी करणारा हात कोणाचा तरी असणारच, आणि यादीत न लिहिलेला कागद कोणता हे त्या हातालाच माहीत असणार.

त्या वर्षी नाताळापूर्वी आम्ही पापनिवेदनाला गेलो. सांगताना अडखळलो, कारण पापाला नाव सापडेना. खोटी साक्ष दिली म्हणावे तर साक्ष दिलीच नव्हती. फादरनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "त्या माणसाची काही भरपाई केलीत का?" आम्ही तोवर भरपाई म्हणजे चोरीची, पैशांची, असेच समजत होतो. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात आठव्या आज्ञेच्या विवरणात, परिच्छेद २४८७ मध्ये, सत्य आणि न्याय यांविरुद्धच्या प्रत्येक अपराधाची भरपाई करावी लागते असे सांगितले आहे, मग अपराध्याला क्षमा मिळालेली का असेना. दोषारोपपत्रावर त्याच्या गावाचा पत्ता होता. आम्ही पत्र लिहिले. काय लिहिले ते सांगण्यासारखे नाही, चार ओळी लिहायला दोन दिवस लागले. पत्र 'पत्ता अपुरा' अशा शेऱ्यानिशी परत आले. त्यानंतर आम्ही पुन्हा प्रयत्न केला नाही, हेही लिहून ठेवतो.

त्या तरुणाला आता आम्ही सांगितले आहे की, बाबा, जा. ते काम ख्रिस्ती माणसाने करू नये असे आम्हाला वाटत नाही. उलट तिथे कोणी बसणारच असेल, तर ज्याला आठवी आज्ञा ठाऊक आहे अशा माणसाने बसावे. सरकारी वकील हा पोलिसांचा वकील नसतो, आणि फिर्यादीचाही नसतो. खटला जिंकणे हे त्याचे काम नाही. न्यायालयापुढे सगळे खरे ठेवणे हे त्याचे काम आहे. आमचे साहेब ते जाणत होते. आम्ही जाणत नव्हतो असे नाही, फक्त ते ज्ञान साहेबांच्या पगारात धरलेले आहे अशी आमची समजूत होती. त्या तरुणाने विचारले, "पण अंकल, ज्युनिअरचं कोण ऐकतो?" सुसान्नाच्या नोकरांनी असेच म्हटले असेल. दानिएलसुद्धा त्या गोष्टीत एक लहानसा तरुणच होता, पण ते त्याला सांगितले नाही. दानिएलाची उपमा कोणालाही फुशारकीकडे नेते.

खरे सांगायचे तर या सगळ्यातला जो भाग आम्हाला आजही सुटलेला नाही तो आरोपीचा नाही, मावशींचा आहे.

निकालानंतरच्या एका रविवारी मिस्सा सुटल्यावर त्या चर्चच्या आवारात आम्हाला भेटल्या. त्यांना सगळे कळले होते. गावात काही लपत नाही. आम्हाला वाटले, रागावतील. आपल्या माणसाची बाजू सोडून परक्याला सोडवले म्हणतील, कारण तसे बोलणारी मंडळी होतीच. मावशी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यानं केलं नसेल तर सुटला ते बरं झालं, बाबा. पण मग माझ्या घरात शिरला कोण? आता ते कोण शोधणार?"

याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. पंचनामा झाला त्या दिवशी तपास संपला होता. चोर सापडला म्हणून कागदावर लिहिले गेले आणि खऱ्या चोराला शोधायचे कोणालाच कारण उरले नाही. आम्ही पहिल्याच दिवशी बोललो असतो तर फाईल पुन्हा उघडली असती का? माग ताजा असता का? साहेबांनी पुढे तसे पत्र पाठवले होते, पण तोवर वर्ष होऊन गेले होते. इतके दिवस आम्ही समजत होतो की गप्प राहून आपण मावशींची बाजू राखतो आहोत.

जप्त झालेली ती एक पाटली न्यायालयाच्या आदेशाने त्यांना परत मिळाली. पावतीवर सही घ्यायला आम्हीच होतो. त्यांनी पाटली हातात घेऊन उलटसुलट पाहिली, रुमालात बांधली, आणि दुसरीबद्दल विचारले. आम्ही सांगितले की मुद्देमालात एकच आहे. "एकच," असे त्या म्हणाल्या आणि ज्या जागी बोट ठेवले होते तिथे अंगठा उमटवला.